नित्याला कोट कोणी घातला?

नित्या मेला.

'देवाघरी गेला', 'प्राणज्योत मालवली' असलं काही कमेंटमध्ये लिहू नका. असली गुळमुळीत भाषा त्याच्या डोक्यात जायची.

आज त्याचं बारावं होतं. दिंडोशीला त्याच्या घरी गेले आणि हार घातलेला फोटो बघून डोकंच सणकलं.

गोरापान नित्या. गुळगुळीत दाढी. अंगात निळा कोट, गळ्यात टाय!

अरे, त्या माणसाने आयुष्यात कधी टाय बांधला नाही. लोकांच्या लग्नातही चेक्सचा शर्ट घालून यायचा. आणि रंग? आम्ही कोकणातली काळीसावळी माणसं. त्यात डायलिसिस सुरू झाल्यापासून चेहरा पार काळवंडला होता, डोळ्यांखाली सूज. स्टुडिओवाल्याने सगळं पुसून टाकलं.

तेही नित्याच्या बाबतीत!

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. नित्या कॉम्प्युटरवर पाणबुडीचा गेम खेळायचा, सगळी सेटिंग्ज रिअलिस्टिक ठेवून. म्हणजे नकाशावर शत्रूची जहाजं दिसणार नाहीत. पेरिस्कोपमधून दिसेल तेवढंच खरं. जहाज किती लांब, किती वेगात, सगळं आपणच मोजायचं आणि मग टॉर्पेडो सोडायचा.

रविवारी दुपारी मी बाजूला मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसायचे. चुकले की शिव्या खायचे.

पाणबुडी बुडाली की हा पठ्ठ्या महिनाभराचा खेळ डिलीट करायचा.

"अरे, सेव्ह केलंयस ना? परत लोड कर की!"

"बुडालो ना आपण? मग बुडालो. रडीचा डाव खेळायचा असेल तर घरी जा तू."

डॉक्टरांनाही तेच. "गोड बोलू नका, काय आहे ते सरळ सांगा."

आणि अशा माणसाला उसना कोट?

त्याचा चुलतभाऊ म्हणतो, "अगं, हँडसम दिसतोय बघ. चार लोक येतात, बरं दिसतं ना."

"कोणाला बरं दिसतं? हा नित्या आहे? हा तर पॉलिसी विकायला आलाय!"

हो, ओरडले. बाराव्याच्या घरात, भटजींसमोर ओरडले. म्हटलं, उतरव तो. माझ्याकडे हॉस्पिटलमधला खरा फोटो आहे, तो लाव. मोबाइल काढून त्याच्यापुढे धरलासुद्धा.

आवाज ऐकून नित्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने माझ्या मोबाइलवर हात ठेवला. स्क्रीन झाकून टाकली.

"माका कळता गो, ह्यो माझ्या झिलासारखो नाय. पण तेचा ता सुजलेला तोंड माका बघवणा नाय. खोटो तर खोटो. रवांदे."

मोबाइल पर्समध्ये टाकला. फोटोचा हार एका बाजूला सरकला होता, तो नीट केला आणि जेवायला न थांबता निघाले.

त्याच्या आईवर चिडता येत नाही. चुलतभावाने तरी तिच्यासाठीच केलं असणार. मग राहिलास तू.

इतकं काय अडलं होतं रे मरायचं? आईला तुझा खरा फोटो बघवत नाही, हे कळतंय का तुला? भयंकर चिडलेय मी तुझ्यावर.

श्रद्धांजली घे, नित्या. रागातली आहे, तरी घे.