एका ताऱ्याची खोली

गेल्या दिवाळीत मी बायकोला घेऊन उमरेड रोडवरच्या एका रिसॉर्टला गेलो होतो. मोबाइलवर त्याला पावणेपाच तारे होते आणि फोटोत निळाशार स्विमिंग पूल होता. पोचल्यावर कळलं की निळी होती ती ताडपत्री. तिच्याखाली पाणी कधी होतं की नाही, हे मॅनेजरलाही ठाऊक नव्हतं. निघताना त्याने सांगितलं, पाच तारे दिले तर गुलाबजाम फुकट. बायकोने गुलाबजाम खाल्ले आणि तारे द्यायचे राहूनच गेले.

परत आल्यावर मी तणतणत हे सगळं शोभाताईंना सांगितलं. त्या आपल्या लॉजच्या काउंटरवर मेथी निवडत बसल्या होत्या.

"स्टार पाहून गेल्ते?" त्या म्हणाल्या. "काहून भाऊ, इतकी वर्षं माझ्या लॉजखाली बसून काय शिकले मग तुम्ही?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. शोभाताईंचं लॉज रामदासपेठेत, एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आहे. वर सहा खोल्या आणि खाली माझं झेरॉक्सचं दुकान. त्यांच्या यजमानांनी लॉज काढलं ते फिरतीवरच्या सेल्समन लोकांसाठी. दवाखाना नंतर आला, यजमान गेले, सेल्समनही कमी झाले, आणि खोल्यांमध्ये पेशंटचे नातेवाईक राहू लागले. आधी ते माझ्याकडे रिपोर्टांच्या झेरॉक्स काढतात, मग 'राहायचं कुठे?' विचारतात, आणि मी बोटाने वर दाखवतो.

नवा माणूस आला की शोभाताई खोलीतले दोष आधी सांगतात. दोन नंबरचा गिझर मनमौजी आहे, चारमधला पंखा आवाज करतो, पाचला उजेड कमी आहे. त्यांचा पुतण्या अंकित हे ऐकून कपाळावर हात मारतो. तो बुटीबोरीच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी लॉजचं मोबाइलवरचं काम पाहतो. पाहुण्यांना पेशंटसाठी मुगाचं पाणी करायला गॅस वापरू द्यायचा, आणि सकाळी कुणालाही 'कसं आहे?' विचारायच्या आधी चहा द्यायचा, हे शोभाताईंचे नियम. आयत्या वेळी येऊन जेवणारा माणूसही त्यांच्याकडे उपाशी राहत नाही. मी तर बरेचदा आयत्या वेळीच जातो.

आता अशा लॉजला लोक तारे कसे देतात, ते ऐका. 'गिझर बंद होता. बाबांचं बायपास मस्त झालं. पाच स्टार.' 'उशी दगडासारखी. मुलगी झाली. पाच स्टार.' 'खोली स्वच्छ, ताई फार चांगल्या. डॉक्टर नीट बोलत नाहीत. एक स्टार.' मी हे मोठ्याने वाचायचो आणि शोभाताई पोट धरून हसायच्या. "पेशंटले सुटी भेटली का आपला गिझर भी चालते," असं त्या म्हणायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र हसणं थांबलं. अलीकडे गिऱ्हाईक ज्या ॲपवरून येतं, त्याची नोटीस आली. महिनाअखेर साडेतीन तारे झाले नाहीत तर लॉजचं नाव यादीत पार तळाला जाणार. तळाला म्हणजे कुणाच्या नजरेलाच पडणार नाही. समोरच 'स्वीट्स' नावाचं राहण्याचं नवीन हॉटेल उघडलं होतं आणि त्याला जवळजवळ पाच तारे होते. कौतुक करणाऱ्या त्याच्या निम्म्या पाहुण्यांचं आणि मालकाचं आडनाव एकच होतं, पण ॲपला त्याचं काही नव्हतं. शोभाताईंची मुलगी लांब, भावजयीच्या दारात जायचं नाही हा हट्ट, म्हणजे या सहा खोल्या हाच त्यांचा संसार.

अंकितने तोडगा शोधला. जो शेरा लॉजबद्दल नसेल, तो तक्रार करून काढता येतो. एका ताऱ्याचा एक शेरा निघाला तरी गाडी साडेतीनच्या वर जात होती. त्याने शोभाताईंना आणि मला तो वाचून दाखवला.

'गरम पाणी वेळेवर भेटलं. चहा चांगला. घरी एकटाच आलो.'

कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. वणीकडचे देवराव आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई, तीन नंबर. ऑपरेशनच्या आधीचे दिवस पार्वतीबाईंनी त्या खोलीच्या खिडकीत बसून काढले. खिडकी माझ्या दुकानाच्या बरोबर वर. त्या खाली वाकून मला रोज विचारायच्या, "काय भाऊ, आज कोणाचे कागद?" मी सांगायचो, आणि ज्याचे कागद त्याचं बरं होवो म्हणून त्या हात जोडायच्या. स्वतःच्या कागदांचं कधी विचारलं नाही. ऑपरेशननंतर त्या खोलीवर परत आल्याच नाहीत.

"हे लॉजबद्दल नाहीच आहे काकू," अंकित म्हणाला. "उलट त्यानं तारीफच केली. आपण कम्प्लेंट टाकून राहिलो. तुमच्या मोबाइलवर नंबर येईन, तो फक्त सांगा."

मोबाइल वाजला. शोभाताईंनी तो नंबर पाहिला आणि मोबाइल मेथीच्या टोपलीत उलटा ठेवला.

"काकू, सांगा ना."

"नाही सांगत."

"काहून पण?"

"त्याले ॲपवाल्या कंपनीनं विचारलं का तुमचा मुक्काम कसा झाला. मग काय सांगन तो, मस्त झाला म्हणून?" त्या म्हणाल्या. "लोकाच्या लेकी झाल्या तवा आपण बंद गिझरचे पाच स्टार घेतले. तवा नाही म्हटलं का आपण, का हे लॉजबद्दल नाही म्हणून? मग हा एक भी आपलाच."

अंकित माझ्याकडे बघू लागला. मला शोभाताईंचा राग आला होता, हे सांगून टाकतो. माणसाने इतकंही सरळ असू नये, असंच मला वाटलं.

महिना संपला आणि लॉज तळाला गेलं. ऐन उन्हाळ्यात निम्म्या खोल्यांना कुलूप राहिलं. समोरच्या स्वीट्समध्ये बॅगा चढताना दिसायच्या आणि शोभाताई कूलरमध्ये पाणी भरून रिकाम्या खोल्या गार ठेवायच्या. कुणी आलंच तर, म्हणायच्या. मी झेरॉक्सवाल्या गिऱ्हाइकांना आता बोटाने दाखवायचो नाही, जिन्यापर्यंत सोडून यायचो.

अशाच एका दुपारी देवराव आले. डोळ्याला हिरवी पट्टी, सोबत मुलगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि चार दिवस तपासणीसाठी राहायचं होतं. मुलगा म्हणत होता, समोर चांगलं दिसून राहिलं बाबा. देवराव त्याचं न ऐकता जिना चढले. मीही मागोमाग वर गेलो.

अंकित त्या दिवशी काउंटरवर होता. त्याला राहवलं नाही. "काका, तुम्ही तर आमच्या लॉजले एक स्टार देल्ता."

देवरावांना आधी आठवेना. मग ते म्हणाले, "ते लॉजचं नव्हतं बाप्पा. त्या दिवसाचं होतं."

शोभाताईंनी पदराला हात पुसले आणि दोन नंबरची किल्ली पुढे ठेवली. गिझर मनमौजी आहे, हे सांगायला विसरल्या नाहीत.

"तीन नंबर खाली नाही का?" देवरावांनी विचारलं.

"खाली आहे भाऊ. मले वाटलं, तुम्हाले नको वाटन ते."

"तेच द्या ताई. तिथल्या खिडकीत तिले लय बरं वाटे."

शोभाताईंनी किल्ली बदलली, आणि त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले. मी खाली दुकानात आलो. मशीनवर कुणाचे तरी रिपोर्ट चालू होते. थोड्या वेळाने वरची खिडकी उघडली. हिरवी पट्टी बाहेर वाकली.

"काय भाऊ," देवरावांनी विचारलं, "आज कोणाचे कागद?"

मी सांगितलं, आणि त्यांनी हात जोडले.