कडकचा आठवा महिना

लॉन्ड्रीत आम्ही तिला कडक म्हणायचो. तिने इस्त्री केलेली कॉलर कडक आणि जीभ त्याहून कडक. घरी मात्र मुकाट मार खायची, हे मला कधी पटलं नाही.

आठव्या महिन्यात तिची छाती गळायला लागली. वाफेजवळ उभं राहिलं की जास्तच. जुन्या टॉवेलचे गोल तुकडे कापून ती आत ठेवायची, भिजले की बदलायची, गार पाण्यात धुऊन मागच्या दोरीवर वाळत टाकायची. बाळाला अंगावर पाजायचं नाही हे तिने आधीच ठरवलं होतं. पहिल्या खेपेला छातीत गळू झालं, चिरावं लागलं, ताप उतरेना, आणि पोर रडतंय म्हणून नवरा हिलाच बडवायचा. या वेळी पावडरचा डबा आणि बाटली. दवाखान्यातल्या नर्सलाही तिने विचारून घेतलं. पाजा नाहीतर नका पाजू, चीक हा येतोच, असं नर्स म्हणाली. कपडा सैल आणि कोरडा ठेवा, दाबून काढत बसू नका.

नवरा आमच्याच इथे धुलाईच्या मशीनवर. हात लांब, अक्कल तोकडी. बायकोने हे ठरवलं त्याला न विचारता, तेच त्याला सलत होतं.

त्या दिवशी कामाची घाई होती, तुकडा बदलायचा राहिला. दोन थेंब गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर पडले आणि तिने वरून इस्त्री फिरवली. असा भाजलेला डाग मग जन्मात निघत नाही. मालकाने शर्ट उचलून सगळ्यांदेखत दाखवला. नवऱ्याला तेवढंच हवं होतं. त्याने येऊन थेट तिचे केस धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. मग छातीवरच्या जुन्या व्रणावरच मूठ आवळून त्याने पिळलं आणि आम्हाला म्हणाला, "बघा, दूध आहे की हिला. आणि माझ्या पोराला पावडर पाजणार म्हणे."

आम्ही पाच जणी चादरींच्या घड्या घालत उभ्या होतो. एकीचाही पाय हलला नाही. माझाही नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

कडकने हात लांब करून इस्त्री घेतली आणि त्याच्या मनगटावर टेकवली. तो गुरासारखा ओरडला. भाजल्या कातडीचा वास दुकानभर पसरला. त्याची मूठ सुटली तेव्हाच तिने इस्त्री उचलली, नेहमीसारखी उभी ठेवली आणि बटण बंद केलं.

मालक पोलिसांना फोन करायला धावला. मी तिच्या भुवईवर ओला रुमाल दाबून धरला आणि हळूच सांगितलं, की कुणी विचारलं तर झटापटीत इस्त्री पडली असं मी म्हणेन, बाकीच्याही तसंच म्हणतील.

ती कोरडा तुकडा आत सरकवत होती.

"पडली नाही," ती म्हणाली. "मी ठेवली. तसंच सांग. आणि त्याआधी तुम्ही सगळ्या काय करत होतात, तेही सांग."