पूजेतला मोडेम

नारायणगावच्या बाजारामागं साखर कारखान्याचं गट कार्यालय होतं. खोल्या दोन, पंखा एक. मागच्या खोलीत शेतकी अधिकारी हौशीराम साहेब आणि त्यांचा फोन. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी डब्याएवढा मोडेम आणि इंद्रायणीबाई. फोनची लाईन मात्र दोघांत मिळून एकच. मोडेम चालू असताना साहेबांनी रिसीव्हर उचलला की बाईंच्या काळ्या पडद्यावर वेड्यावाकड्या खुणांचा कचरा सांडायचा आणि निम्मी गेलेली यादी तुटायची. मग परत पहिल्यापासून.

कोणत्या शिवारात ऊसतोडीची कोणती टोळी, याची यादी कारखान्याच्या कॉम्प्युटरला पाठवायची, हे बाईंचं काम. त्यासाठी टर्मिनल नावाचा प्रोग्रॅम होता. त्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसती पांढरी अक्षरं. 'एटी' असं टाईप केलं की मोडेमनं 'ओके' म्हणायचं, म्हणजे गडी जागा आहे. मग नंबर फिरवायचा. मोडेम शिट्टी मारायचा, घसा खरवडायचा, पलीकडचा मोडेम त्याला तसाच ओरडून उत्तर द्यायचा. दोघांचं जमलं की कारखान्यावरची वृषाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, 'बोला ताई.' उसाचे दोन हंगाम झाले, त्या दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. पण वृषालीला दाढ काढायचीय आणि तिची जाऊ खोचक बोलते, हे बाईंना ठाऊक होतं, आणि बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, हे वृषालीला.

घर कार्यालयापासून दोन गल्ल्या पलीकडं. नवरा टोमॅटोच्या गाडीवर, आज सुरतेला, उद्या इंदूरला. घरी सासू सोनीबाई, अंगावरून वारं गेलेली. दुपारी एक वाजला की बाई घरी पळायच्या. सासूला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पेज भरवायची आणि पुन्हा खुर्चीत. गेल्या उन्हाळ्यात कारखान्यावर ट्रेनिंगला जावं लागलं, शेजारणीवर सोपवून. तेवढ्या दिवसांत म्हातारीच्या पाठीला जखम झाली. ती भरून यायला पावसाळा लागला.

आणि सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात लाईननं पुरता दगा दिला. रोज तुटायची. कारखान्याच्या अध्यक्षांचा निरोप हौशीराम साहेबांनी दारातूनच सांगितला.

"इंद्रायणीबाई, ऐका. हंगामाची पहिली यादी दसऱ्याच्या आत मोडेमवरनं धड पोचली, तर ठीक. नाय पोचली तर मशीन उचलून कारखान्यावर."

"आणि मी?"

"मशीनबरोबर ऑपरेटर जाणारच की."

कारखाना म्हणजे दोन जीपा बदलून जायचं, दिवेलागणीला परत यायचं. बाई टेबलावरच्या फायली उगाच सरळ करत राहिल्या.

आठवडाभर रोज प्रयत्न केला. रोज तुटली. उरला दसऱ्याच्या आदला, खंडेनवमीचा दिवस.

त्या सकाळी सोनीबाईंनी अंथरूण खराब केलं. ते आवरून बाई उशिरा पोचल्या, तर कार्यालयात उदबत्त्यांचा धूर. शिपाई सावळेराम अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून उभा. कोयते, टाईपरायटर, जीपची चावी, साहेबांचा फोन, सगळ्यांवर हळदकुंकू. कॉम्प्युटरच्या पेटीला झेंडूची माळ. मोडेमच्या डोक्यावर अक्षता आणि मधोमध एक ठसठशीत टिळा.

"कसं दिसतंय, बाई? नवरदेव वाटतोय का न्हाई?"

"मामा, यादी पाठवायचीय हो आज."

"आज?" सावळेरामनं कानाला हात लावला. "पूजेतल्या हत्याराला आज कोण हात लावतंय? आमच्या धनगरांत लोकर कातरायची कात्री एकदा पूजेला बसली, की दसऱ्याबिगर उचलत न्हाईत. मेंढरू तसंच ऱ्हाऊ द्या म्हनत्यात."

"मामा, आज नाही गेली तर हे मशीन दसऱ्यानंतर इथं नसेल. आणि मीही."

सावळेरामला म्हातारीची पाठ माहीत होती, तालुक्याहून मलम त्यानंच आणलं होतं. त्यानं टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं, आणि चोरी सापडावी तसा कीबोर्डवरचा फडका उचलला.

"ह्याची पूजा ऱ्हायली! कुंकू न्हाई, काय न्हाई. ह्याला बडवा खुशाल."

"आणि वीज?"

"भिंतीच्या बटणाची कुठं केलीय पूजा?"

"आणि मोडेम?"

"त्याला आपण हातच लावत न्हाई. तो आपला आपण शिट्टी मारतो. त्याला काय काम म्हनायचं?"

बाईंनी भिंतीचं बटण दाबलं. पडदा उजळला. प्रोग्रॅम उघडून त्यांनी टाईप केलं, 'एटी'.

काही नाही.

पुन्हा 'एटी'. मोडेमचे दिवे कुंकवाआडून लुकलुकत होते, पण तोंडातून शब्द नाही.

"मामा, मागची वायर काढली होती?"

"काढल्याबिगर पुसनार कसं? देवाला अंघोळ घालताना कापडं काढतोच ना आपण?"

"मग परत कुठं लावली?"

"हाय तिथंच. म्हंजे… तितं दोन भोकं व्हती, एकासारकं एक. ज्यात नीट बसली त्यात लावली."

बाईंनी डोळे मिटले. वायर दुसऱ्या पोर्टमध्ये गेली होती. उपटून पहिल्यात घातली की संपलं. त्यांनी पेटीमागं हात घातला, तेवढ्यात आतून साहेबांचा आवाज आला.

"ओ बाई! माळ हलली. पूजा मोडू नका, हंगामाचा दिवस हाय. उद्या बॉयलर पेटायचाय, काय वाईटवंगाळ झालं तर सगळे माझ्या नावानं बोटं मोडतील."

"साहेब, एक वायर…"

"उद्या."

"उद्या दसरा आहे. तुम्ही दसऱ्याच्या आत म्हणालात."

"मी न्हाई, अध्यक्ष म्हणाले," साहेब म्हणाले, आणि खुर्चीत मागं रेलले. माणूस वाईट नव्हता. सगळं वरच्यांवर ढकलून मोकळं व्हायची सवय होती, एवढंच.

बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. बाहेर टोमॅटोच्या क्रेट आपटत होत्या, कुणी तरी 'ओ पावणं, गाडी काढा' म्हणून ओरडत होतं. त्यांना भांडायचंही बळ नव्हतं. मग वाटलं, वायर नाही ना हलवायची? प्रोग्रॅमलाच सांगू, आज दुसऱ्या दारातून जा म्हणून. त्यांनी सेटिंगचं पान उघडलं. तिथं कॉम वन, म्हणजे पहिलं पोर्ट, लिहिलं होतं. खोडून कॉम टू केलं.

'एटी'.

'ओके'.

"बोलला!" सावळेराम ओरडला. "बोलला ओ गुलाम!"

नंबर लागला नाही. पुन्हा फिरवला. व्यस्त. पुन्हा. मग शिट्टी, खरखर, आणि पडद्यावर अक्षरं. 'बोला ताई. सगळे इथेच उभे आहेत. अध्यक्ष पण.'

बाईंनी यादी सोडली. पडद्यावर टक्क्यांचा आकडा हळूहळू चढायला लागला. सावळेराम श्वास धरून उभा. एवढ्यात आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अध्यक्षांना जरा फोन करून सांगतो, की पाठवतोय म्हणून…"

"साहेब!" बाई अशा ओरडल्या, की दारातली चिमणी उडाली. "फोनला हात लावू नका!"

"का?"

बाईंची नजर फोनवरच्या कुंकवावर गेली. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "फोनची पूजा झालीय, साहेब. कुंकू लावलंय त्याला."

साहेबांचा हात रिसीव्हरवर अधांतरी राहिला. त्यांनी फोनकडं पाहिलं, झेंडूकडं पाहिलं, सावळेरामकडं पाहिलं.

सावळेरामनं मान हलवली. "उद्या उचला, सायेब. दसऱ्याला."

साहेब हात मागं घेऊन बसले. आकडा चढत राहिला. नव्वदला अडला, तसा सावळेरामनं डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. मग सुटला. यादी पोचली.

'पूर्ण आली ताई. एक अक्षर नाही तुटलं. मशीन तिकडेच राहील म्हणतात अध्यक्ष.'

सावळेरामनं नारळ फोडला. इंद्रायणीबाईंनी पदरानं मान पुसली. आनंद झाला असावा, पण तो अंगात फार लांबवर, ऐकू न येण्याइतका. त्यांना फक्त झोप आली.

पडदा पुन्हा हलला.

'एवढं छान चालतं तर रोज दुपारी एक वाजता अजून एक यादी पाठवा म्हणतात. गाड्यांची.'

बाई ते वाक्य वाचत राहिल्या. वरून खाली, पुन्हा वरून खाली.

"काय म्हणत्यात?" साहेबांनी आतून विचारलं.

"लाईनचं विचारतायत."

त्यांनी टाईप केलं, 'एकला इथून लाईन लागत नाही.'

'कधीच?'

'कधीच नाही. तीनला लागते.'

कर्सर लुकलुकत राहिला. पलीकडं कारखान्याच्या खोलीत वृषाली होती, तिच्या पाठीमागं माणसं उभी होती. तिनं काय केलं, वळून पाहिलं का, कुणाला ठाऊक.

मग अक्षरं उमटली. 'बरोबर आहे. एकला इकडूनही लागत नाही. मी सांगते त्यांना. तुम्ही जा ताई, आई वाट बघत असतील.'

बाईंनी लाईन तोडली, भिंतीचं बटण बंद केलं.

"ओ बाई, परसाद तरी घ्या!"

"आल्यावर, मामा." चपला घालून त्या बाजारात उतरल्या. एक कधीच वाजून गेला होता.