पिसांचा डायनासोर कपाटात

बोरी अरबच्या अंगणवाडीत पंचफुला सेविका होती आणि तिचा कोणावरच विश्वास नव्हता. तो उगाच उडाला नव्हता म्हणा. कपाशीच्या बोगस बियाण्यानं फसवलेली ती वर्षं. पाकिटावर बोंडं नारळाएवढी, शेतात मात्र कोंबसुद्धा नाही. तेव्हापासून नवं बियाणं घरात आलं की ती आधी सरकीचे चार दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवायची; कोंब दिसल्याशिवाय नवऱ्याला, धर्मपालला, पेरू द्यायची नाही. गाव हसायचं. हसेना का! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकूनच पितो.

त्यात यवतमाळच्या कुण्या संस्थेनं अंगणवाडीला डायनासोरची दोन पुस्तकं पाठवली. एकात करडे, खरबरीत डायनासोर आणि त्यांच्यामागे भाले घेऊन धावणारी माणसं. दुसऱ्यातल्या डायनासोरला चक्क पिसं, तीही रंगीबेरंगी! पुस्तक काही ओल्या फडक्यात बांधता येत नाही, पण नटवलेला माल पंचफुलानं लगेच ओळखला.

अडचण तिच्या लेकीची, प्रियंकाची होती. पोरगी पहिलीत, अक्षर दिसलं की तोंड फिरवायची. हिचं पुढं कसं होणार, या काळजीनं पंचफुलाला घास गोड लागत नसे. आणि तीच प्रियंका आता शाळा सुटली की अंगणवाडीत येऊन, पिसांच्या पुस्तकावर बोट ठेवून, अडखळत का होईना, वाचायला लागली होती.

"ठेव ते. बोगस हाय," पंचफुला म्हणाली. "तुले कोनी फसवलेलं मले चालनार नाई."

पुस्तक कपाटात गेलं, कुलूप लागलं. करड्या पुस्तकाला प्रियंकानं हातही लावला नाही.

पुढे पोलिओच्या डोसाच्या दिवशी गावातले विज्ञानाचे भीमराज सर नातवाला घेऊन अंगणवाडीत आले. करडं पुस्तक चाळून म्हणाले, "हे काहून ठेवलं, बाई? मानसं अन् डायनासोर कधी भेटलेच नाईत. मधात करोडो वर्षं गेले."

"अन् पिसंवाले?"

"ते खरे. दगडात पिसांचे ठसे सापडले."

"तुमी पाह्यले?"

"फोटो पाह्यले. चित्रातला रंग बराचसा अंदाजाचा, पन पिसं खरे."

पंचफुलानं त्यांना उलटंसुलटं विचारून पाहिलं. सर डगमगले नाहीत, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं कोंडून खोटंच पोरांपुढं मांडलं होतं तिनं!

त्या संध्याकाळी तिनं पुस्तक घरी आणलं. "वाच माय, हे खरं हाय."

प्रियंकानं ते उलटंपालटं करून पाहिलं. "कायवरून?"

"दगडात ठसे हायेत."

"तू पाह्यले?"

पंचफुलाला खोटं बोलवेना. "नाई."

"मंग कायले वाचू?" पुस्तक आईच्या मांडीवर ठेवून पोरगी खेळायला निघून गेली. पंचफुला पुस्तक घेऊन तिच्यामागे दारापर्यंत गेली आणि तिथंच उंबऱ्यावर बसून तिनं पिसांचं पान उघडलं.