पेवावरचं घर

दोरीला बांधलेला कंदील पेवाच्या तोंडातून खाली सोडला आणि पुरुषभर खोल जायच्या आतच तो विझला.

"त्याल संपलं आसंल ओ साहेब," घरमालक बसवण्णा म्हणाले. "गड्याला उतरवू का?"

मी काही बोलायच्या आत कांबळे सिस्टर पुढे झाल्या. "कुणीसुद्धा उतरायचं नाही. असल्या पेवात उतरलेली दोन माणसं आमच्या वॉर्डात आणली होती. दोघंही गेली." आवाज थेट वॉर्डातला होता. गडी निमूट मागे सरला.

पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. आमच्या सोलापूर-बार्शीकडच्या जुन्या घरांत ते हमखास असे. घट्ट मुरमात रांजणासारखा खड्डा खणायचा, पोट मोठं आणि तोंड अरुंद. आत ज्वारी भरून वर फरशी बसवायची आणि चिखलानं लिंपून टाकायचं. ज्वारी वर्षानुवर्षं टिके. पण बंद पेवातली हवा मारक असते. म्हणून आधी कंदील सोडतात, आणि तो जळत राहिला तरच माणूस उतरतो. बसवण्णांचं पेव बहात्तरच्या दुष्काळात तळापर्यंत खरवडलं गेलं, ते पुन्हा भरलंच नव्हतं. रिकामं पेव वाईट. त्यात पाणी मुरलं की कड ढासळते आणि वरची भिंत बसते.

मी तेव्हा सरकारी बांधकामाच्या एका ऑफिसात ओव्हरसियर होतो. सरकारी नोकराला घर घ्यायला अ‍ॅडव्हान्स मिळायचा. जुनं घर असेल तर ते धडधाकट असल्याचा आमच्या ऑफिसचा दाखला लागायचा. कांबळे सिस्टर सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होत्या. त्यांचं क्वार्टर पाडून तिथं नवा वॉर्ड होणार होता, आणि खाली करायची नोटीस हातात पडली होती. नवऱ्यानं कधीच सोडलेलं. गावचं, जेऊरकडचं, घर भावकीनं घशात घातलेलं. सोबत आंधळी आई. बसवण्णांचं घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. पेठेचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून तिथंच राहतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि नळ घरातच. आईला हाताला धरून सिस्टरनी घर दाखवलं होतं. म्हातारीनं भिंत चाचपत फेरी मारली आणि नळाखाली हात धरून उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला. गडी उतरला. मी पेव मुरमानं भरून घेतलं. वीतभर थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. धुम्मस म्हणजे मुरूम ठोकायचं जड लोखंडी ठोकणं. एक थर नीट बसल्याशिवाय दुसरा टाकू दिला नाही. सिस्टर ड्युटी संपवून येत आणि उंबऱ्यावर बसून बघत राहत. कामाची घाई कधी केली नाही. पेशंटच्या उशाशी बसायची सवय असावी.

भरणं चालू असताना शेजारचे तात्या डोकावले. भला गप्पिष्ट माणूस. "काय बघायलाव ओ साहेब? आमच्याबी घरात हाय की पेव. आज्ज्यापासनं. काय हुतंय त्याला? पोरं त्येच्यावरच झोपत्यात."

"भरलेलं बरं," मी म्हटलं.

"घ्यायलंय कोण?"

"दवाखान्यातल्या सिस्टर."

"त्ये झालं ओ. आडनाव काय?"

मी सांगितलं.

"आसं व्हय," तात्या म्हणाले. आणखी काही विचारलं नाही. चहा सांगतो म्हणाले होते, तो काही आला नाही.

मी पाया उकरून पाहिला, ओळंब्यानं भिंती पाहिल्या, तुळया ठोकून पाहिल्या. घर ठणठणीत होतं. तसा दाखला लिहून साहेबांच्या सहीला ठेवला. साहेब म्हणजे आमचे डेप्युटी इंजिनिअर. आठवड्याभरात त्यांनी आत बोलावलं. समोर गल्लीतल्या लोकांचा अर्ज होता. घराखाली पेव आहे, इमारत कोसळून जीवितहानी होईल, सबब दाखला देऊ नये. पहिली सही तात्यांची.

"पेव आहे म्हणतात."

"होतं, साहेब. भरून घेतलं. मी स्वतः उभा होतो."

"लोकांना भीती वाटते."

"साहेब, त्या गल्लीत घरटी पेव आहे. सह्या करणारे सगळे पेवावरच झोपतात. एवढी भीती असेल तर सगळ्यांनाच नोटीस काढू."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, हरकत पेवाची नाही, हे तुला कळत नाही का?"

"कळतं. मग तसं लिहायला सांगा त्यांना."

"तसं कुठं लिहितात?"

खरोखरच तसं कुठं लिहीत नाहीत. साहेब वाईट माणूस नव्हते, आणि हेच मला जास्त टोचलं. स्टाफमधल्या कुणाच्या घरी आजारपण असलं की स्वतः फळं घेऊन जाणारे. मला म्हणाले, "दाखला मागं घे. तुझीच सही राहू दे, फक्त शेरा बदल." मी नाही म्हटलं. मग ते जीपमधून गेले, दारातूनच घर पाहिलं, वहाणासुद्धा काढल्या नाहीत, आणि परत येऊन लिहिलं, "भूगर्भात पोकळी असल्याने निवासास अयोग्य." कुठली पोकळी? धुम्मस मारून मारून गड्याच्या हाताला फोड आले होते. मला त्या दिवशी माझ्या खात्याची शिसारी आली, आणि पगार त्याच खात्याचा खायचा होता.

नकाराचा कागद सिस्टरना आधीच पोचला होता. सौदा मोडल्याचं सांगायला बसवण्णा माझ्यासोबत दवाखान्यात आले. मान वर करत नव्हते. "मी आजबी द्यायला तयार हाय, तायी. पण मला त्याच गल्लीत राह्यचंय. मागल्या घरात भाऊ हाय माझा. पोरीचं लगीन व्हायचंय. लई दाबलं ओ त्यांनी."

सिस्टरनी त्यांना बसायला स्टूल दिलं. मग माझ्याकडे वळल्या. "पेव नीट भरलं होतं ना?"

"हो."

"घर चांगलं होतं?"

"एक नंबर होतं."

"बरं," त्या म्हणाल्या. "आईला वाटत होतं, आपल्यालाच पारख करता आली नाही." एवढं बोलून त्या ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आत गेल्या.

ते घर तात्यांनी घेतलं. मधली भिंत फोडून दोन्ही घरं एक केली. भिंत फोडताना पेवाची भीती कुणाला आठवली नाही. वाढीव बांधकामाचा कागद पालिकेकडून शेऱ्यासाठी आमच्याच ऑफिसात आला आणि बिनबोभाट पुढे गेला.

सिस्टरना शेवटी घर मिळालं ते शहराबाहेर, एका शेतात पाडलेल्या प्लॉटवर. जमीन काळी. काळी माती ज्वारीला सोनं, घराला वैरीण. पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते आणि वरच्या भिंतीला आपल्यासोबत हलवते. अशा जागी पाया मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो. बांधणाऱ्यानं तो गुडघाभर नेला होता. नळ नव्हता, हापसा रस्त्यापलीकडे. मी सिस्टरना स्पष्ट सांगितलं, "हे घेऊ नका. भिंतींना तडे जाणार."

"शेजाऱ्यांची हरकत आहे का?" त्यांनी विचारलं.

"शेजारी तुमच्या दवाखान्यातलेच. हरकत कशाला घेतील?"

"मग लिहा तुम्ही. तडे बुजवता येतात."

मी जे पाहिलं तेच लिहिलं, पाया उथळ आहे. साहेबांनी तेवढी ओळ खोडली आणि चहा यायच्या आत सही केली. त्यांना वाटलं, आपण बाईंवर उपकार केले. कदाचित केलेही असतील.

दोन पावसाळ्यांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून तडा वर चढला. सिस्टर दर उन्हाळ्यात सिमेंट कालवून तो बुजवत. म्हातारी हापशापर्यंत कधी एकटी जाऊ शकली नाही.

पुढे नोकरीभर जुनी घरं तपासायला जाताना ओळंबा, टेप आणि पहार घेऊन जात राहिलो. पण हत्यारं काढण्याआधी घेणाऱ्याला एक गोष्ट विचारायचो, शेजाऱ्यांनी तुमचं आडनाव विचारलं का? विचारलं असेल आणि पुढे चहा आला नसेल, तर पहार सायकललाच बांधलेली ठेवायचो. त्या घराचा निकाल आधीच लागलेला असे.