डाग न पडणारी घडी

अक्काच्या हातची टीप अशी, की कापड उलटं धरलं तरी सुलट वाटावं. दोन मशिनींच्या त्या खोलीत शाळांचे गणवेश शिवले जात. एका मशिनीवर अक्का, दुसरीवर तिची धाकटी बहीण. आई गेल्यावर अक्कानेच तिला वाढवलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. धाकटीला सगळे बारकी म्हणत. लग्न झालं तरी ती बारकीच राहिली.

बारकीची पाळी आली की आठवडा उलटला तरी थांबायची नाही. एकदा पांढऱ्या सदऱ्यांच्या गठ्ठ्यावर डाग पडला. गठ्ठा न्यायला आलेल्या माणसाने पाहून न पाहिल्यासारखं केलं. तो गेल्यावरही बारकी स्टुलावरून उठेना.

त्याच संध्याकाळी अक्काने जुन्या टॉवेलांचे तुकडे, अस्तर आणि मधे रेनकोटाच्या कापडाची पट्टी घालून पाळीत पॅडसारखी घ्यायला एक जाड घडी शिवली. कडेने दुहेरी टीप मारली.

"आता बस खुशाल. पूर आला तरी थेंब बाहेर येणार नाही."

खरंच आला नाही. अंगावरून जास्त जायला लागलं, की अक्का नव्या घडीला आणखी एक थर लावी.

"अक्का, ही घडी आहे की गादी? पाहुणे झोपतील हिच्यावर."

"झोपव. आधी त्या बाह्या जोड."

बारकीला मूल हवं होतं. वर्षं गेली, पाळणा काही हलेना. त्यात चेहरा पांढराफटक पडला, जिना चढताना धाप लागू लागली. मग अक्का तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली.

"दिवसाला किती पॅड लागतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोनच," बारकीच्या आधी अक्काने सांगितलं. आवाजात थोडा अभिमानही होता.

"कपड्यांना डाग?"

"छे हो. कधीच नाही."

"मग फार नाही जात. या रक्तवाढीच्या गोळ्या घ्या. जास्त जायला लागलं तर लगेच या, सोनोग्राफी करू."

बारकी काहीतरी बोलणार होती. पण अक्का उठून दारापर्यंत पोचली होती.

जास्त गेल्याचं मग दिसलंच नाही कुणाला. जे दिसायचं ते अक्काची घडी पिऊन टाकत होती. एका सकाळी बारकी मशिनीवरच कलंडली, पाय मशिनीच्या पेडलवर तसाच.

मोठ्या हॉस्पिटलातही अक्काने दोनच सांगितल्या, तेव्हा नर्सने घडी हातात तोलून पाहिली. "हे काय आहे? अशा दोन लागतात दिवसाला?" तिने डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर वयस्कर होते, शांतपणे बोलले. "अशा रक्तस्रावाला कारणं पुष्कळ असतात, बाई. कुणाचं थायरॉइड बिघडलेलं असतं, कुणाचं रक्त नीट गोठत नाही. हिच्या गर्भपिशवीत गाठी आहेत. कर्करोगाच्या नाहीत, साध्याच आहेत. लहान होत्या तेव्हा कळलं असतं तर तेवढ्याच काढता आल्या असत्या. आता पिशवी गच्च भरलीय, रक्त थांबत नाही. पिशवी काढल्याशिवाय हिचा जीव वाचणार नाही."

बारकीच्या नवऱ्याने सही केली. अक्का बाहेरच्या बाकावर हात जोडून बसली. रोज देवाशी तासन्तास बोलणारी ती, पण त्या दिवशी काय मागावं तेच तिला सुचेना.

बारकी वाचली. अंगात बळ आल्यावर एक दिवस ती खोलीत आली. तिच्या स्टुलाखाली घड्यांची चळत तशीच होती, धुतलेली, इस्त्री केलेली.

"अक्का, उसव त्या. अस्तर चांगलं आहे, खिशांना होईल."

"बारके, मी त्या बाईंना दोनच म्हणाले गं..."

"मीही गप्पच बसले ना," बारकी म्हणाली. "उसव."

अक्काने ब्लेड घेतलं. पण दुहेरी टीप, स्वतःच्याच हातची, कुठूनच सुटेना. डोळे भरून आल्याने धागा दिसेना. मग बारकी सावकाश खाली बसली, घडीचं दुसरं टोक धरलं आणि कापड ताणून दिलं.