सरळ लावलेली फिल्म

छत्तीसगडची राजधानी झाल्यावर रायपुरात सीटी स्कॅनच्या मशिनी आल्या, आणि नाकात दुर्बीण घालून सायनसची ऑपरेशनं करणारे डॉक्टरही. माझे सर त्यातले नावाजलेले. मी त्यांची असिस्टंट, भक्तच म्हणा ना. म्हणून तर अभनपुरच्या माझ्या मामांना मी हट्टानं त्यांच्याच टेबलावर झोपवलं.

दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या अगदी वर, पातळ हाडाचं छत असतं आणि छतावर मेंदू. काहींचं छत एका बाजूला जास्त खाली उतरलेलं असतं. मामांचं उजवीकडे होतं. त्या बाजूला हात फार जपून चालवावा लागतो.

स्कॅनच्या फिल्मवर पेशंट आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे. सरांना ही उलटापालट डोक्यात करायचा कंटाळा. ते फिल्म पालटूनच लावायचे, उजवं उजवीकडे. आमच्या थिएटरात तीच रीत पडली होती. त्या दिवशी त्यांनी घाईघाईत स्वतःच फिल्म लावली आणि ती नेमकी सरळ लागली, सगळं जग लावतं तशी. म्हणजे मामांचं उतरलेलं छत फिल्मवर डावीकडे दिसत होतं.

कोपऱ्यातली उजव्या-डाव्याची खूण पाहून मी म्हणाले, "सर, फिल्म आज पालटलेली नाही. खालचं छत उजवीकडे आहे."

"आता तू मले शिकवून राहिली का?" म्हणत ते उजवीकडून बिनधास्त आत शिरले.

थोड्याच वेळात नाकातून नितळ पाणी ठिबकू लागलं. मेंदूभोवतीचं पाणी. छताला भोक पडलं होतं. आता मामांना पूर्ण भूल देऊन, मांडीतली चरबी घेऊन ते बुजवायला हवं होतं. भूल देणारे डॉक्टर येईपर्यंत सरांनी मामीला आत बोलावलं.

"तुमच्या भाचीनं फिल्म चुकीची लावली," ते शांतपणे म्हणाले.

मी मामांकडे पाहिलं. तोवर फक्त त्यांचं नाक बधिर केलेलं होतं, ते जागेच होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

भोक सरांनीच बुजवलं, आणि चांगलं बुजवलं. मामा ठणठणीत झाले. मामी मात्र माझ्याशी बोलेनाशी झाली. तिच्याकडच्या लग्नात तिनं आईला बोलावलं, मला नाही. सरांचा मला संताप यायचा, पण त्याहून जास्त मी मामांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. शेवटी मीच अभनपुरला गेले आणि विचारलं.

"ऐकलं होतं सगळं," मामा म्हणाले. "पण तवा माहं नाक त्याइच्या हातात होतं न."

"मग नंतर तरी मामीला काहून नाही सांगितलं?"



"वर्षातून दोनदा नाक त्याइच्याकडंच दाखवाले जा लागते, बाई. तू काय, तू तर घरचीच आहे."